मुंगीएवढं 'पर्यंत'

एका पेठेच्या गावात रामलिंगशेठचं साड्यांचं दुकान होतं. तिथं गादीवर बसून साड्या दाखवायचं काम केरबाचं. "केरबानं सांगितला ना भाव, मग घासाघीस करायची नाही," असं बायका एकमेकींना सांगायच्या. त्याची खरी कमाई म्हणाल तर ती एवढीच.

आषाढात लग्नं नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. शेठनं आषाढ सेल लावला आणि दारावर पाटी टांगली. '५० टक्के' हत्तीएवढं, 'सूट' तेवढंच, आणि मधलं 'पर्यंत' मुंगीएवढं!

मग काय विचारता! बाई साडी निवडायची, केरबा किंमत सांगायचा आणि भडका उडायचा. "बाहेर अर्धी किंमत, आत आल्यावर दहाच टक्के सूट? लुबाडता होय रे?" केरबा प्रत्येकीला दाराशी नेऊन ते 'पर्यंत' दाखवायचा. दिवसभर हेच. घसा बसला बिचाऱ्याचा. हळूहळू त्याच्या मनात भरलं, की यांना सगळं दिसतं, मुद्दाम सोंग करतात मेल्या! बायकाही काही कमी नव्हत्या. डाग कुठे दडवलाय म्हणून त्या साडीची घडी न् घडी उलगडून पाहू लागल्या.

अशात तानूबाई आली. हे जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या डोहाळजेवणासाठी तिनं हिरवी साडी पसंत केली आणि सहज विचारलं, "अर्ध्यात ना रे केरबा?"

केरबा खेकसला, "मावशी, वाचता येतं ना? मग सोंगं कशाला करता?"

तानूबाईचा चेहरा पडला. तिनं साडी खाली ठेवली. "पाटी शेठची असेल बाबा. मी आले होते तुझ्या शब्दावर," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

केरबाला ते फार लागलं. तो तडक शेठकडे गेला. "शेठ, ते 'पर्यंत' जरा मोठं करा."

शेठ हसले. "अरे, मोठं केलं तर पायरी चढेल कोण?"

तेव्हा कुठे केरबाच्या डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाईक चुकीचं वाचत नव्हतं. चुकीचं वाचलं जावं म्हणूनच पाटी लिहिली होती, आणि शिव्या खायला गादीवर त्याला बसवलं होतं!

दुसऱ्या दिवशी तो पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "सगळ्यावर अर्धी किंमत नाही हो, थोड्याच साड्यांवर आहे!" लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. "आपणहून सांगतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. चांगला माल सोयऱ्यांसाठी दडवला असेल."

तेवढ्यात समोरून तानूबाई जाताना दिसली. केरबा धावत गेला. "मावशी, काल चुकलो. ती हिरवी साडी अर्ध्यात नाही, पण याहून स्वस्त अख्ख्या पेठेत मिळायची नाही. घेऊन जा."

तानूबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काल मी सोंगाडी होते. आज तू एकदम हरिश्चंद्र झालास होय?"

ती समोरच्या दुकानात शिरली आणि तशीच हिरवी साडी जास्त पैसे देऊन घेऊन गेली. केरबा खरं बोलला होता, आणि रस्त्यात उभा राहून बघत होता.

तात्पर्य: खरं बारीक अक्षरात लिहिणं म्हणजे खोटं मोठ्यानं बोलणंच. आणि संशय एकदा दारात शिरला, की मग खरं घसा फोडून सांगितलं तरी कुणाला पटत नाही.