पाण्याकडे पाठ

एकदा एक तरुण दूरदेशी शिकून आपल्या नदीकाठी परतला. त्या दूरदेशी त्याने एक विलक्षण कला आत्मसात केली होती. पीस, रेशीम आणि मेण यांनी गळावर असा किडा बांधायचा, की माशाने तो खरा समजून तोंडात घ्यावा.

तो परतला तेव्हा डोहाकाठी मासे धरणारे भोई एका झाडाची विषारी साल कुटत बसले होते. डोह खडकाळ, जाळी फाटत. म्हणून उन्हाळ्यात पाण्यात साल कालवायची आणि मरून वर येईल ते वेचायचे, अशी रीत पडली होती. मोठ्या माशांबरोबर बोटाएवढी पिल्लेही मरत. डोह दरवर्षी रिता होत चालला होता.

तरुण त्वेषाने म्हणाला, "मला तीन दिवस द्या. या किड्याने मासा काढून दाखवतो. गळ ओठालाच लागतो, पिल्लू असेल तर सोडून देता येतं."

भोयांचा नाईक हसला. "दिले. चौथ्या दिवशी साल पाण्यात."

दोन दिवस तरुण डोहावर उभा राहिला. त्याने गळावर बांधलेला चतुर, पाण्यावर भिरभिरणारा तो किडा, तर पाहणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात असा होता. मोरपिसाचे डोळे, रेशमाचे पंख. पण मासा फिरकेना.

"काय मास्तर," नाईक म्हणाला, "आमचे मासे अडाणी. शिकलेला किडा ओळखत नाहीत!"

तिसऱ्या सकाळी तरुण डोहाजवळ राहणाऱ्या आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. लहानपणी त्यांनीच त्याच्या हाती गळाची पहिली काठी दिली होती. गुरूंनी चतुर निरखला आणि म्हणाले, "काम देखणं आहे. आता तो बाजूला ठेव आणि डोहावर झुकलेल्या त्या उंबराखाली पाण्याकडे पाठ करून बस."

"आजोबा, माझ्याकडे एकच दिवस उरलाय!"

"म्हणूनच. वळून बघायचं नाही."

तरुण चडफडत बसला. ऊन चढले. मागे काहीतरी 'डुब' वाजले. लगेच एक दमदार 'गळप'. पुन्हा डुब, पुन्हा गळप. चौथ्या वेळी त्याने मान वर केली. फांदीवर पिकलेली उंबरे लालबुंद लगडली होती, आणि एकेक सुटून पाण्यात पडत होते.

"आजोबा, हे मासे उंबरं खातात! मग तुम्ही गळाला उंबरच का नाही लावलंत?"

"लावलं की. भिजलं की फुटतं, गळ उघडा पडतो. बांधायची विद्या आमच्याकडे नव्हती, ती तू आणलीस. ती खोटी नाही रे. पण तिथल्या लोकांनी ती त्यांच्या नदीला विचारून घडवली. तू मात्र या नदीला न विचारताच उत्तर देत होतास."

 तरुणाने चाकू घेतला आणि चतुराचे पंख स्वतःच्या हाताने छाटले. दूरदेशाहून आणलेला तांबडा लोकरीचा गळपट्टा उसवला, धागा गळावर गुंडाळून गोळा केला, मेण चोळले. दिसायला अगदीच ओबडधोबड.

"हा कुठला किडा?" नाईकाने विचारले.

"किडा नाही. उंबर."

भोई खो खो हसले. तरुणाने तो गोळा फांदीखाली पडू दिला. डुब. काठी वाकली, हसणे थांबले. बऱ्याच झटापटीनंतर हातभर लांबीचा मासा काठावर आला. गळ ओठातच होता. दुसरा मासा लहान निघाला. तरुणाने तो सोडवून पाण्यात ठेवला, आणि शेपटी हलवत तो निघून गेला.

 नाईकाने कुटलेली साल एका खड्ड्यात लोटली, वर पायाने माती सारली आणि तरुणासमोर येऊन बसला.

"ही गाठ मला शिकव."

"शिकवतो. पण नाईक, आधी जरा तिकडे तोंड करा," तरुण म्हणाला, आणि त्याने त्याला पाण्याकडे पाठ करून बसवले.