केतकीचे मोजायचे राहिलेले दिवस

फार जुन्या काळी एका नदीकाठी मोठं गुरुकुल होतं. तिथं पहिलं वर्ष सर्वांनी एकत्र शिकायचं, आणि पाडव्याला प्रत्येकानं उभं राहून पुढे शिकायची आपली विद्या सांगायची, असा नियम होता.

त्या पाडव्याला कुणी वैद्यक म्हणालं, कुणी व्याकरण. केतकीचा क्रमांक आला तेव्हा ती नुसतीच उभी राहिली. मागून कुणीतरी हसलं. तिचे कान लाल झाले.

तिच्या गावातून गुरुकुलात आलेली ती पहिलीच मुलगी. तिला निरोप द्यायला सारा गाव वेशीपर्यंत आला होता. विद्या निवडली नाही तर तिला घरी परतावं लागणार होतं.

सगळे पांगल्यावर वृद्ध आचार्यांनी तिला जवळ बसवलं.

"काय गं, काहीच आवडत नाही का?"

"सगळंच थोडं थोडं आवडतं, गुरुजी. पण चुकीचं निवडलं तर? सगळा जन्म त्यात जायचा!" तिला रडू फुटलं.

आचार्यांनी तिला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाले, "नुसतं बसून हे मलाही कळलं नव्हतं, पोरी. तुला एक महिना देतो. वैद्यक, व्याकरण, बांधकाम आणि विणकाम, चारही ठिकाणी सात-सात दिवस राहा. मात्र तिथलं रोजचं, कंटाळवाणं काम माग."

केतकी आधी वैद्यांकडे गेली. वनस्पतींची नावं तिला गोड वाटली, पण मुळ्या कुटताना दिवस कधी मावळतो म्हणून ती सारखी उन्हाकडे बघायची. व्याकरणाच्या आचार्यांकडे पोथ्या उतरवून घेताना रोज रात्री भिंतीवर एक रेघ ओढायची. सातवी रेघ ओढली तेव्हा तिला हायसं वाटलं.

मग ती बांधकामासाठी नदीवरच्या बंधाऱ्यावर गेली. तिथं चुना चाळायचा, दगड वाहायचे. हातांना फोड आले. दुसऱ्याच दिवशी एका कोपऱ्यातून पाणी झिरपताना तिला दिसलं. "असं का होतं?" तिनं गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "तूच शोध." तिनं तिथला चुना उकरला, पुन्हा भरला. पाणी झिरपलंच. तिनं दगड काढून उलटा बसवला.

एका दुपारी विणकामाच्या आचार्यांचा निरोप आला, "मुलगी अजून आली नाही. आजारी आहे का?"

केतकी दचकली. बंधाऱ्यावर तिचा तो बारावा दिवस होता! चुन्यानं माखलेल्या हातांनीच ती धावत वृद्ध आचार्यांकडे गेली.

"चुकलं माझं, गुरुजी. दिवस मोजायचे राहूनच गेले."

आचार्य मनापासून हसले. "आणि ते पाणी? थांबलं का?"

"अजून नाही. पण उद्या थांबेल. खालचा दगडच पोकळ आहे, आता कळलंय मला!"

"मग तुझी विद्या कोणती, हे अजून शोधायचं राहिलंय का?"

पाणी दुसऱ्या दिवशी थांबलं नाही, चौथ्या दिवशी थांबलं. केतकी बांधकाम शिकली, आणि पुढे तिच्या बंधाऱ्यांनी सात गावांची शेतं भिजवली. आचार्यांनी गुरुकुलाचा नियमही बदलला. निवडीआधीचा तो एक महिना तेव्हापासून प्रत्येकाला मिळू लागला.

तात्पर्य : आपलं काम कोणतं हे हात लावून पाहिल्यावरच कळतं, आणि त्यासाठी घेतलेला वेळ कधी वाया जात नाही.