हळद लागलेली वेल

एका गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला, दोन जावांचे काकडीचे दोन मळे होते. मध्ये फक्त एक बांध. घरात खाणारी तोंडं दहा आणि त्या वर्षी हिरवं म्हणाल तर तेवढंच.

वेलींवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडायचा. मग लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे यायचे आणि मावा फस्त करायचे. धाकटी जाऊ त्यांना राखणदार म्हणायची.

एका सकाळी तिच्या मळ्याच्या कोपऱ्यातली एक वेल हळद माखल्यासारखी पिवळी दिसली. उन्हं यायच्या आधीच चमकत होती. जवळ गेलं की गोडसर वास यायचा.

"देवीनं हळद लावली गं!" थोरली म्हणाली. "माझ्याही मळ्यात एक आहे. अशी वेल उपटायची नसते. ओटी भरायची."

दोघींनी ओट्या भरल्या.

त्यानंतर मळा गप्प होत गेला. मावा त्या वेलीकडे धावला, त्याच्यामागे ढालकिडे गेले. सगळे. हिरव्या वेलींवर एकही राहिला नाही.

धाकटीने पिवळं पान उलटलं. शेकडो ढालकिडे एकमेकांना चिकटून बसलेले. खात होते, खातच होते. पण त्यांचं अंडं एकही नव्हतं. तिने एक उचलून तळहातावर ठेवला. हलला नाही. फुंकर मारली तर टरफलासारखा उडाला.

"जाऊबाई, ही वेल हाका मारतीय. आधी चोराला बोलावते, मग राखणदाराला. आणि त्याला जे वाढते ते अंगी लागत नाही. मी उपटते."

"वेल हाका मारती म्हणे! ऊन लागलंय तुला. लाव हात, आणि उद्या पोरांना काही झालं तर माझ्या दारात रडत येऊ नकोस!"

पोरांचं नाव काढल्यावर कोण घाबरत नाही? धाकटीने पंधरा दिवस वेलीला हात लावला नाही. तेवढ्या दिवसांत पंखवाला मावा तोच रोग घेऊन उडाला, शेजारच्या वेलींवर बसला आणि आणखी सात वेली पिवळ्या झाल्या.

मग मात्र ती उठली. जे ढालकिडे अजून चालत होते ते एकेक वेचून हिरव्या वेलींवर सोडले. पिवळ्या वेली पोत्याने झाकल्या, मुळासकट उपटल्या, जाळल्या. पोरांना काहीसुद्धा झालं नाही. अर्धा मळा वाचला.

थोरलीचा मळा पिवळाधमक झाला. लोक यायचे, हात जोडायचे. काकड्या वाकड्या आणि कडू. तिथे उभं राहिलं तर कानाला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. पायाखाली नुसती लाल टरफलं.

"राखणदार कुठे गेले गं?" थोरलीने विचारलं.

"जिची ओटी भरलीत ना, तिनंच संपवले," धाकटी बांधावरून म्हणाली. "आता तरी उपटा, बाई."

थोरली वेलीसमोर उभी राहिली. तिचा हात काही उठला नाही.

तात्पर्य: रोगाला देव म्हणून पुजलं तर आपल्यासाठी झटणारे आधी मरतात, आणि मग आपली पाळी येते.