राजाचे चार शेर गेले कुठे?

पारडं हललंच नाही!

राजा भद्रसेनाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तराजूच्या एका पारड्यात कातळवाडीची पाच वर्षांची ठमी बसली होती, दुसऱ्यात तिची गेल्या महिन्याचीच वजनं. काटा जागचा ढळेना. तिच्यामागून वाडीतली बाकीची पोरंही तोलली. सगळ्यांचं तेच!

आता राजा चिडणारच. वाडीतली पोरं हाडकुळी आहेत, सारखी आजारी पडतात, हे कानावर आलं तेव्हा त्यानेच राजवाड्याच्या चौकात त्यांच्यासाठी चूल मांडली होती. रोज दुपारी नाचणीची लापशी, त्यात गूळ, वर तुपाची धार. राजा तसा दिलदार, पण आपलं दान आपल्या डोळ्यांसमोर व्हावं याची त्याला भारी हौस. तो सज्जात बसे, पोरं तीनदा त्याचा जयजयकार करत आणि मगच पहिला घास घेत.

"लापशी जाते कुठे?" राजा गरजला. "कोंडाबाई, तूच खातेस वाटतं!"

कोंडाबाई म्हणजे ठमीची आजी. चुलीवर रांधायचं काम तिचं. बाई अशी वाळकी, की वाऱ्याने उडून जाईल. तिने एकदा स्वतःकडे पाहिलं, मग राजाच्या पोटाकडे.

"म्हाराज, कुणाचं खाल्लेलं अंगी लागतंय, ते दिसतंयच की!"

प्रधानाने हसू दाबलं. राजाला काही हसू आलं नाही.

"पंधरा दिवस देतो! माझ्या वाढदिवसाला पोरं पुन्हा तोलीन. एकूण एक पोर वाढलेलं दिसलं पाहिजे, आणि कोठारातून दाणाही जास्त मिळणार नाही. नाहीतर चूल बंद!"

कोंडाबाईने ठमीकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात ठमी तापातून जेमतेम वाचली होती. चूल विझली तर पोरीला पुन्हा रानातले कंद उकडून घालायचे! लापशी कुठे जाते ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण 'महाराज, चुकतंय तुमचं' असं राजाला तोंडावर कोण सांगणार?

"जमंल, म्हाराज. पर आधी लापशीचा माग काढाया पायजे. आठ दिवस पोरांची लापशी मी सकाळीच रांधून ठेवते, तुमी दुपारी माझ्या घरी जेवाया या. स्वयंपाक तुमच्याच आचाऱ्याचा, खावा किती बी! फकस्त पोरं येत्यात तसं या, पायी. आन् रात्री पोरांसारखी वाटीभर पेज."

जेवणाला राजा नाही म्हणेल? "उद्याच आलो!"

कातळवाडी दोन कोस दूर, आणि सगळा खडा चढ. राजा धापा टाकत पोहोचला. समोर पुरणपोळ्यांची चळत! त्याने हात घातला तोच कोंडाबाई ओरडली, "थांबा! आधी म्हणा, कोंडाबाईचा विजय असो! तीनदा!"

"काय?"

"रीत तुमचीच हाय, म्हाराज. आन् जरा मोठ्यांदी, मला कमी ऐकू येतंय."

पोळी निवत होती. राजाने मुकाट्याने विजय पुकारला आणि सात पोळ्या हाणल्या. पण उतरून वाड्यावर येईतो पोट पुन्हा रिकामं! रोज तेच. आठव्या दिवशी तो चौकात कोंडाबाई आणि ठमीसमोर स्वतःच तराजूत बसला आणि किंचाळला, "चार शेर घटलो! पुरणपोळ्या खाऊन चार शेर! गेले कुठे?"

"वाटंवर सांडले, म्हाराज," कोंडाबाई म्हणाली. "पोरांच्या लापशीशेजारीच पडले असतील!"

राजा पारड्यातून उतरला. त्याने पायांचे फोड पाहिले, मग ठमीचे पाय पाहिले.

"प्रधानजी, चूल उचला! आजपासून ती कातळवाडीत पेटेल. दाणे आपले बैल वाहतील."

"आणि जयजयकार, महाराज?"

"तोंडात घास असताना कसला जयजयकार!"

वाढदिवस उजाडला. ठमी पारड्यात बसली आणि पारडं धप्पकन खाली! तेवढ्याच नाचणीवर वीसच्या वीस पोरं वाढली होती. मग दरवर्षीप्रमाणे राजाची गुळाने तुला करायची वेळ आली. एरवी तो गूळ सरदारांच्या घरी जाई.

"यंदाचा गूळ पोरांना," राजा म्हणाला, "आणि कोंडाबाईला दुभती गाय!"

कोंडाबाईने कपाळाला हात लावला. "गाय झ्याक! पर म्हाराज घटले, म्हंजी पोरांचा चार शेर गूळ बुडाला की!"

राजा पोट धरून हसला. त्याने ठमीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्यासकट पारड्यात बसला.

"हं, घाला आता ढेपा! आणि बोला, कोंडाबाईचा विजय असो! मोठ्याने बोला रे, तिला कमी ऐकू येतं!"