एस्तेरचा वेगळा पेला

प्रवरेच्या काठी बोरवंड नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, आपल्या ख्रिस्ती मंडळीची तीस-पस्तीस घरे आणि मधोमध पांढऱ्या मातीने पोतेरा दिलेले कौलारू उपासनामंदिर. या मंदिराच्या ओसरीवर शांतवनबाबांनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षे काढली. बाबा दीक्षा घेतलेले पाळक होते, चार गावांची मंडळी त्यांच्याकडे होती. पण अंगात कधी धड कोट नाही की पायात धड वहाण नाही. एक घोंगडी, एक पवित्र शास्त्र आणि खिशात मूठभर चिंचोके, एवढाच त्यांचा संसार.

चिंचोके मुलांना मोजायला शिकवण्यासाठी. मंदिरामागच्या पाठशाळेत एलीया मास्तर धडधाकट मुलांना शिकवीत, आणि "याला काही येणार नाही" म्हणून ज्यांना ते परत पाठवीत, ती मुले बाबांच्या ओसरीवर येत. जन्मांध दानीएल चिंचोके चाचपून बेरजा करी. शलोमीला ऐकू येत नसे. ती बाबांच्या ओठांकडे बघून फरशीवर कोळशाने अक्षरे काढी. लोक हसत. म्हणत, "बाबांचा पांजरपोळ बघा!" बाबाही हसत आणि म्हणत, "हो हो, आणि त्यातला सगळ्यात म्हातारा बैल मी."

मंदिरामागच्याच गल्लीत राहेलबाई राहत. नवरा रेल्वेच्या कामावर दूर, आणि पदरात एकच लेक, एस्तेर. एस्तेर जन्मली तेव्हा कितीतरी वेळ रडलीच नव्हती. पुढे तिचे हातपाय ताठ राहिले, मान डुलू लागली, शब्द घशातच अडकू लागले आणि तोंडातून सारखी लाळ गळू लागली. राहेलबाई दिवसातून सहा वेळा तिचे गळपट्टे बदलीत. लेकीवर जीव होता त्यांचा. पण लाज त्याहून मोठी होती. रविवारी घंटा झाली की त्या दाराला बाहेरून कडी घालीत आणि डोक्यावर पदर घेऊन एकट्याच उपासनेला जात.

एका रविवारी बाबा त्या दारावरून चालले होते. आतून कोणीतरी मंदिरातल्या गीताची चाल गुणगुणत होते. शब्द नव्हते, नुसते सूर. बाबा थांबले. राहेलबाई नुकत्याच कडी घालून पायरी उतरत होत्या.

"राहेलबाई, घरात कोण आहे?"

राहेलबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "कोणी नाही बाबा. शेळी आहे."

बाबा हळूच म्हणाले, "शेळी फार सुरात गाते हो, बाई."

एवढेच. पण राहेलबाईंना वाटले, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावे! त्या दाराकडे तोंड करीनात; शेवटी कडी बाबांनीच काढली.

त्या दिवसापासून एस्तेर ओसरीवर येऊ लागली. बाबांनी सुताराकडून बाभळीच्या फळ्यांची टेकू असलेली खुर्ची करवून घेतली आणि कमरेला बांधायला जुन्या धोतराचा पट्टा केला. राहेलबाईंना त्यांनी भरवायचे कसे ते शिकवले. "घाई करू नका. मान सरळ धरा, हनुवटीला खालून बोटाचा आधार द्या, आणि ती गिळेपर्यंत थांबा. थांबणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे." आणि एस्तेरला त्यांनी बोलायला शिकवले, पण जिभेने नव्हे. 'हो' म्हणायचे तर नजर वर न्यायची. 'नाही' म्हणायचे तर डोळे मिटायचे. महिन्याभरात कळले की या मुलीला शास्त्रातल्या उत्पत्तीपासूनच्या सगळ्या कथा पाठ आहेत. बंद दाराआड तेरा वर्षे ती मंदिरातला शब्द न् शब्द ऐकत होती!

ईस्टर जवळ आला. त्या दिवशी प्रभुभोजन असे, आणि नव्याने तयार झालेल्या मुलांना पहिल्यांदाच प्रभूच्या मेजाशी बसवीत. त्याआधी प्रश्नोत्तरे होत. बाबांनी एस्तेरला विचारले, "प्रभूने भाकर मोडली ती मोठ्या लोकांसाठी का?" तिने डोळे मिटले. "शहाण्यासुरत्या लोकांसाठी?" पुन्हा मिटले. "मग तुझ्यासाठी?" तिची नजर अशी काही वर गेली की मानही मागे पडली आणि राहेलबाईंना ती सावरावी लागली.

बाबांनी नाव यादीत लिहिले. यादी पंचांपुढे आली तेव्हा एलीया मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले.

मास्तर दुष्ट नव्हते, हे सांगायला हवे. मंडळीतले पहिले शिकलेले ते. मुलांची नखे, कान, डोके ते रोज स्वतः तपासत. त्या काळी आपल्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत; आपण स्वच्छ आहोत हे जगाला दाखवण्याची मास्तरांना तहानच लागलेली होती. आणि त्या ईस्टरला तर शहरातल्या मंडळीचे पाहुणे येणार होते.

"बाबा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," मास्तर म्हणाले. "प्याला एक. त्यालाच सगळ्यांनी ओठ लावायचे. त्यात त्या पोरीची लाळ! पाहुण्यांनी काय म्हणावं? आपण घाणेरडे नाही हे लोकांना पटवण्यात माझ्या बापाचा जन्म गेला."

बाबा म्हणाले, "मास्तर, एका बाईने प्रभूचे पाय आसवांनी धुतले तेव्हा तिथेही नाक मुरडणारा एक स्वच्छ माणूस बसला होता."

"शास्त्र मलाही पाठ आहे. पण डोळ्यांची उघडझाप म्हणजे विश्वासाची कबुली असेल, तर उद्या माझ्या कोंबड्याही मेजाशी बसतील!"

पंच खदखदा हसले. ओसरीच्या खांबाआड राहेलबाई उभ्या होत्या, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या पुढे आल्या. बाबांना वाटले, आता ही आई भांडेल. पण राहेलबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाबा, मास्तरांचं खरं आहे. किळस येतेच की माणसाला. मी घरून वेगळा पेला आणते. त्यात घोटभर द्या. दाराशीच बसू आम्ही. मिळतंय तेच पुष्कळ आहे."

"आता कसं शहाण्यासारखं बोललात!" मास्तर म्हणाले.

बाबांनी राहेलबाईंकडे असे पाहिले की त्या बिचारीला, आपण काहीतरी फार वाईट बोललो, एवढेच कळले. काय, ते कळले नाही. बाबा मास्तरांना म्हणाले, "ठीक आहे. या वेळी प्याला तुम्हीच हाती घ्या. वाटपही तुम्हीच करा." ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारभर, बाबांनी अन्नाला हात लावला नाही.

ईस्टरचा दिवस उजाडला. दाराला आंब्याच्या डहाळ्या लावल्या होत्या. मास्तरांनी मनुका उकळून केलेला द्राक्षरस स्वतः गाळून बाटलीत भरला होता आणि चांदीचा प्याला रांगोळीने घासून लख्ख केला होता. पुढच्या सतरंजीवर शहरातले पाहुणे बसले. शेवटी, दाराशी, चपलांच्या शेजारी, राहेलबाई एस्तेरला मांडीवर घेऊन बसल्या. हातात जर्मन धातूचा, एका बाजूने चेपलेला पेला.

बाबांनी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला. मास्तरांनी प्याला काठोकाठ भरला. 'आधी ते दाराशीचं उरकून घ्यावं' अशा विचाराने ते मागे गेले आणि पेल्याला प्याला लागू न देता, वीतभर उंचावरून घोटभर रस ओतला. थोडा राहेलबाईंच्या मनगटावर सांडला. मास्तरांनी तिकडे पाहिलेही नाही.

राहेलबाईंनी लेकीच्या हनुवटीला बोट लावले आणि पेला ओठांशी धरला. एस्तेर हळूहळू प्यायली. राहेलबाई थांबल्या. ती गिळेपर्यंत थांबल्या.

इकडे मास्तरांनी प्याला पहिल्या पाहुण्यांच्या ओठांशी नेला. पाहुण्यांनी तो वाकडा केला, आणखी वाकडा केला, आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, रिकामा आहे."

मास्तरांनी आत पाहिले. प्याला कोरडा! नुसता रिकामा नव्हे, आत्ताच घासून ठेवल्यासारखा कोरडा. त्यांनी लगबगीने बाटली उचलली. बाटलीतून थेंब पडेना. उजेडाकडे धरून पाहिली, उपडी केली. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली बाटली! मंडळीत कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात दाराशी एस्तेर मोठ्याने हसली. सगळ्यांच्या माना वळल्या. राहेलबाई हातातल्या पेल्याकडे बघत होत्या. पेला काठोकाठ भरलेला होता, आणि एस्तेरच्या ओठांवरून ओघळलेला एक थेंब त्यावर पडून त्यात मिसळून गेला होता.

"बाबा," राहेलबाई म्हणाल्या. "बाबा, हे... मी काही नाही केलं. घोटभरच दिला होता, मास्तरांना विचारा."

बाबा मेजाशी गुडघे टेकून होते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

कोणी जागचे हलले नाही. सगळ्यांना कळले होते. आज प्रभूचा रस या मंदिरात फक्त त्या चेपक्या पेल्यात होता. ज्याला हवा, त्याने तिथे जायचे आणि जिथे त्या मुलीचे ओठ लागले तिथे आपले लावायचे. एकमेकांकडे बघायची कोणाची छाती होईना. पुरुष सतरंजीचे दोरेच उपसत बसले.

मग भिंतीला टेकून बसलेली कोंडाआजी काठी टेकत उठली. मंडळीतली सगळ्यात म्हातारी.

"एलीया," ती म्हणाली, "तुझी माय आन् मी संगं पान्याला जायचो. इहिरीवर चढू देत नव्हते. खाली वंजळ धरून बसायचं, आन् वरून कुनीतरी वतायचं. असं, आत्ता तू वतलं ना, तस्सं. निम्मं पानी कोपरावरून खाली जायचं. निम्मी तहान तशीच घिऊन तुझी माय घरला यायची. पोरा, तू हे शिकला कुठं? साळंत?"

मास्तरांच्या हातातली बाटली खाली पडली. फुटली नाही, घरंगळत भिंतीपाशी जाऊन थांबली.

कोंडाआजी दाराशी गेली. राहेलबाईंनी घाईने पदराने पेल्याची कड पुसायला घेतली. आजीने त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे गं. पुसू नगंस," म्हणाली, आणि प्यायली. तिच्यामागून एक-एक जण उठला. पंच उठले, पाहुणे उठले. खाली मान घालून येत, पीत आणि खाली मान घालून जात. ऐंशी माणसे प्यायली आणि पेला होता तसाच भरलेला होता. राहेलबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. 'वेगळा पेला मीच आणला. माझ्या लेकीला दाराशी मीच बसवलं,' एवढेच त्या पुटपुटत होत्या.

एकटे मास्तर राहिले. ते बाबांपाशी आले. "बाबा, मला नको. माझी लायकी नाही."

बाबांनी तेव्हा कुठे डोळे उघडले. ते म्हणाले, "लायकी बघून वाटप असते तर मास्तर, माझाही नंबर लागला नसता. या मंडळीचा पाळक मी; वेगळा पेला म्हटल्यावर गप्प बसलो तोही मीच. पण आज देणारा मी नाही. ज्याच्या हाती प्रभूने दिले आहे, त्याच्याकडे मागा."

मास्तर दाराशी गेले. चपलांच्या ढिगाशेजारी त्यांनी गुडघे टेकले. ज्या मुलीकडे त्यांनी कधी धड पाहिले नव्हते, तिच्या डोळ्यांत त्यांना आता पाहावे लागले.

"एस्तेर, बाळा," ते म्हणाले, "मला देशील का?"

एस्तेरची मान डुलत होती. नजर आधी कौलांकडे गेली, मग खाली, मग आईकडे. वर्गात उत्तराला क्षणाचा उशीर झाला की छडी आपटणारे मास्तर, हात जोडून थांबले. सगळी मंडळी थांबली. मग एस्तेरने मास्तरांकडे नीट पाहिले आणि नजर वर नेली. अगदी वर.

राहेलबाईंनी पेला पुढे केला. मास्तर प्यायले. त्यांना हुंदका आवरेना; त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि त्या मुलीच्या ताठ, वाकड्या पायांवर आपले डोके टेकवले. एस्तेर हसत पुढे झुकली, तशी तिच्या ओठांवरून लाळेची तार लोंबली आणि मास्तरांच्या उघड्या मानेवर पडली. राहेलबाईंनी चटकन पदर पुढे केला.

मास्तरांनी तो हाताने हळूच मागे सारला, आणि डोके तसेच टेकलेले ठेवले.