दिवसपाळी, रात्रपाळी आणि मधला अर्धा तास

एक होतं बेट. बेटावर ऊस होता, उसात उंदीर होते, आणि उंदरांना पकडायला मुंगसं आणली होती. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी.

कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर मुंगसांचे पहिले पाच पिंजरे उतरले, तेव्हा ओफेली तांती धक्क्याजवळच्या पाण्यात होती. तांती म्हणजे त्या बाजूची मावशी. ओफेली कासवीण होती, आणि तिला वय विचारायचं धाडस आता फक्त जनगणनावाले करत. बोट लागून मुंगसं हिरवीपिवळी झाली होती. मळ्याच्या मालकांनी भाषण केलं, की आता उंदीर औषधालाही उरणार नाही. टाळ्या झाल्या. मुंगूस दिवसा जागं असतं आणि उंदीर रात्री, एवढी एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

पुढे मालक गेले, झेंडा बदलला, साखरेचा कारखाना बंद पडला, उसाच्या जागी पर्यटक आले. मुंगसं मात्र कामावर कायम राहिली. फक्त पिंजऱ्याऐवजी मंत्रालयात बसू लागली. त्यांचा झाला दिवस पक्ष. दर निवडणुकीला ती सांगत, "उंदरांना हटवू!" निवडून आली, की रोज सकाळी कोठाराची पाहणी करत आणि अहवाल लिहीत : 'कार्यालयीन वेळेत एकही उंदीर आढळला नाही.' एवढ्या श्रमांनी भूक लागे, म्हणून जाताना कोंबड्यांची अंडी खात. अंधार पडला की रात्र पक्षाचे उंदीर येत आणि कोठार खात. विरोधी पक्ष म्हणून तेवढा त्यांचा हक्कच होता.

या दोघांच्या मध्ये, सूर्य पाण्याला टेकल्यापासून पहिली चांदणी दिसेपर्यंत, अर्धा तास असा होता, की मुंगसं घरी गेलेली असत आणि उंदीर अजून बिळात आळस देत असत. त्या अर्ध्या तासाला बेटावर सगळे 'आपली वेळ' म्हणत. कोंबड्या अंडी लपवत, खेकडे घरं बदलत, बाजारात नीरफणस आणि खारवलेला मासा खऱ्या भावात मिळे. परदेशी गेलेल्या नातलगांनी साबण, बूट आणि दुधाची पावडर भरून पाठवलेली पिंपंही तेव्हाच उघडली जात. बेटाचा सगळा संसार त्या अर्ध्या तासात चाले. बाकी दिवस सरकारचा.

तांतीने या खेपेला जंगली बदामाखालच्या वाळूत अंडी घातली होती. कासवीण अंडी घालते आणि मागे न बघता निघून जाते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी मुंगसांचं सरकार पाहिलेलं नसावं. तांती दोन महिने रोज सूर्य टेकला की येऊन वाळू बघून जाई. ही आपली शेवटची खेप, हे तिचं तिला कळलं होतं.

दोन महिने भरत आले त्या दिवशी दुपारीच एग्बर्ट खेकडा तिरका पळत पाण्याशी आला. हा तिचा शेजारी.

"तांती, ऐकलंस का? युती झाली!"

"कोणाची रे?"

"दिवस पक्षाची आणि रात्र पक्षाची. बॅप्टिस्ट उंदीर सगळ्यांना घेऊन मुंगसात गेला."

"मुंगसाच्या पोटात?"

"पक्षात गं! मंत्री होतोय."

"अरे, कालपर्यंत त्याला चोर म्हणत होते ना?"

"काल तो उंदीर होता. आज सकाळी त्याला मुंगूस असल्याचा दाखला मिळाला. शेपटीला काथ्याचा झुबका बांधून फिरतोय." एग्बर्टने आवाज खाली आणला. "आज सूर्यास्ताला धक्क्यावर शपथविधी आहे. आणि आजपासून चोवीस तास सेवा. दिवसपाळी मुंगसांची, रात्रपाळी उंदरांची, मध्ये खंड नाही. आपली वेळ बंद, तांती."

तांती बदामापर्यंत सरपटत गेली. वाळू मध्यभागी बोटभर खचली होती. आत पिल्लं चुळबुळ करू लागली, की ती अशीच खचते.

"आजच निघणार," ती म्हणाली.

"अगं, शपथविधी झाला की मेजवानी आहे, आणि पंगत या बदामाखालीच बसणार आहे!"

"जेवायला काय?"

"ते जाहीर केलेलं नाही," एग्बर्ट म्हणाला.

इतक्यात सरकारी निवेदक सिप्रियन पेलिकन तिथे उतरला. त्याच्या चोचीखालच्या झोळीत निमंत्रणं होती आणि, वासावरून, दोन मासेही होते.

"तांती, अभिनंदन! बेटावरच्या सर्वांत ज्येष्ठ मतदार म्हणून आज तुमचा सत्कार आहे. शाल, नारळ, आणि तुमचे दोन शब्द. शब्द आम्ही लिहून आणलेत. 'धन्यवाद' आणि 'साहेब'."

"माझे मी बोलीन हो," तांती म्हणाली. "जुनी माणसं आम्ही. थोडं आठवतं, तेवढं सांगीन."

सिप्रियन नवा होता. त्याला कल्पना नव्हती. बेटावर तांतीच्या आठवणींचा धाक वादळापेक्षा मोठा होता. वादळाची आधी सूचना तरी मिळते.

उडून जाताना सिप्रियनचं लक्ष नाही असं बघून तांती एग्बर्टला म्हणाली, "तू इथेच थांब. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं, की मोठी नांगी वर कर. तोवर धक्क्यावरून कोणी उठत नाही."

सूर्यास्ताला धक्का भरला. जहाजातून आलेले थंड देशांतले हंस गळ्यात कॅमेरे घालून पुढच्या खुर्च्यांवर बसले. त्यांतल्या काहींनी पैसे भरून बेटाचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि आपला देश कसा दिसतो ते पाहायला ते आले होते. मंचावर पंतप्रधान युस्टेस मुंगूस उभे राहिले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आमचे टीकाकार विचारतात, उंदीर हटवणार होतात, त्याचं काय झालं? मी छातीवर हात ठेवून सांगतो, आज या बेटावर एकही उंदीर नाही!"

हजारभर उंदरांनी टाळ्या वाजवल्या.

बॅप्टिस्टने झुबका सावरत शपथ घेतली. "आम्ही कोठाराची साथ कधी सोडली नाही," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "आणि यापुढेही सोडणार नाही."

मग तांतीला शाल घातली. ती कवचावरून दोनदा घसरली. तांतीने नारळ बाजूला ठेवला आणि घसा साफ केला.

"मी तुमचा फार वेळ घेणार नाही," ती म्हणाली.

मागे बसलेल्या कोंबड्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मांडी घातली.

"युस्टेसच्या पणजोबांना मी बोटीवरून उतरताना पाहिलंय. पाचपैकी तिसरा पिंजरा. नाही, चौथा. तिसऱ्यातलं वाटेतच वारलं. मंगळवार होता. की बुधवार? थांबा, आदल्या दिवशी खारा मासा आला होता, म्हणजे मंगळवारच. तर ते उतरले आणि लगेच ओकले..."

"तांती, आभार!" सिप्रियनने कुजबुजून आठवण करून दिली.

"येते रे बाबा, आभारांवरच येतेय. वाटेत तीन वादळं आहेत, तेवढी ओलांडू दे."

हंस खूश झाले. जिवंत इतिहास म्हणून त्यांनी कॅमेरे रोखले. कॅमेरे रोखलेले असताना साहेबांना हसत राहणं भाग होतं. पहिल्या वादळात अर्धा बाजार वाहून गेला. दुसऱ्यानंतर मदतीचे पत्रे आले, ते कोणाकोणाच्या छपरावर गेले, ते तांतीने नावानिशी सांगितलं. निवडणुकीआधी आठ दिवस रंगवलेला आणि निकालाच्या रात्रीच्या सरीत धुऊन गेलेला पूल तिने कठड्यासह उभा केला. बॅप्टिस्टच्या आजीलाही ती विसरली नाही. "गुणी बाई. चोरायची, पण भाषण करायची नाही."

"खरंय, खरंय!" मागून एक कोंबडी ओरडली.

उजेड गेला. दिवसा जागणारे युस्टेससाहेब हसऱ्या चेहऱ्यानेच घोरू लागले. त्यांच्यामागे मंत्रिमंडळही झोपलं. अंधार पडताच उंदरांचे डोळे मात्र लकाकू लागले आणि पोटं बोलू लागली.

"साहेबांना उठवा," बॅप्टिस्ट सिप्रियनला म्हणाला. "मेजवानीची वेळ झाली."

"साहेब झोपलेले नाहीत, चिंतन करताहेत."

"मग आम्ही पुढे होतो."

"साहेब उठण्याआधी? पहिल्याच दिवशी?" सिप्रियनने त्याच्या झुबक्याकडे पाहिलं. "मुंगूस असं करत नाही हो."

बॅप्टिस्ट खाली बसला. शिस्त म्हणून हजार उंदीरही बसून राहिले. तांतीचा गळा सुकला होता, पण तिसरं वादळ तिने दोनदा सांगितलं. मग बदामाच्या बाजूला चांदण्यात एक नांगी वर झाली.

"असो," तांती म्हणाली. "बाकीचं पुढच्या वर्षी. आभार."

टाळ्यांनी युस्टेससाहेब दचकून उठले, आणि सगळे धावत बदामाखाली गेले. तिथे फुटलेली टरफलं होती आणि समुद्राकडे गेलेल्या इवल्या रेघा. युस्टेससाहेबांनी टरफलांकडे पाहिलं. मग मागे कॅमेरे आहेत हे ध्यानात येऊन ते म्हणाले, "सरकारच्या कासव संवर्धन योजनेला यश आलेलं आहे."

"किती झाली पिल्लं?" सिप्रियनने वही काढली.

"एकशे अठरा," एग्बर्ट म्हणाला. तो साधा खेकडा होता. खरं काय ते सांगून बसला.

दुसऱ्या दिवशी वटहुकूम निघाला, की सत्कारमूर्तींनी यापुढे बोलू नये. तांतीला त्याचं काही वाटलं नाही. ती पाण्यात मान वर काढून क्षितिजाकडे बघत बसली. लेकी आता खोल पाण्यात पोचल्या असतील. जगल्या वाचल्या तर तीस वर्षांनी याच वाळूत परत येतील.

महिन्याभराने पोटनिवडणूक झाली. एग्बर्ट निकाल घेऊन आला.

"दिवस पक्ष आला, तांती. थोडक्यात आला. एकशे अठरा मतांनी."

"आपल्या किनाऱ्यावर एवढी मतं आहेत कुठे रे?"

"यादीत आहेत," एग्बर्ट नांगी खाजवत म्हणाला. "पत्ता, बदामाखाली. सगळ्या सकाळी लवकरच येऊन मत देऊन गेल्या म्हणे."