ज्या नावाला ओ नाही

“दादा, हे नाव कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

श्रेणिक हसला. “विसरलात म्हणा की! त्याच्यापायी सकाळपास्नं प्रोग्राम जुळंना. नाव सापडत नाही म्हणतोय. मग त्या नावाचा रिकामा तुकडा मीच लिहिला. जुळलं बघा.”

इचलकरंजीत माझ्या थोरल्या भावाचा, बाळगोंडादादाचा, छोटा कारखाना होता. बाया ज्या यंत्रावर कापड कापायच्या, त्याला संगणकाचं बोलणं कळावं, म्हणून तो ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाषी प्रोग्राम, लिहायचा. श्रेणिक त्याच्या हाताखाली शिकला. आता तिथं कुलूप आहे. शेजारच्या मागांचा खडखडाट मात्र अजून माझ्या कानात आहे.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, ही आमची रीत. मी बोलवायला दारात उभी होते.

“यंत्राला किती थांबायला सांगितलंस?” दादानं विचारलं.

“दोन सेकंद. पातं स्थिर व्हावं म्हणून.”

“तेवढ्यात कुणी बंदचं बटण दाबलं तर?”

“...ऐकणार नाही. थांबणं संपल्याबिगर काहीच ऐकत नाही ते.”

“म्हणून हद्द घातलीय. हद्दीपेक्षा जास्त थांबवलं, की त्या नावाला हाक जाते.”

“आणि ते नाव मुद्दामच लिहिलेलं नाही... म्हणून प्रोग्राम जुळंना.”

दादा उठला. यंत्रापाशी गेला. उजवा हात पात्याखाली ठेवला.

“चालव.”

“दादा, हात काढा.”

“का रे? जुळलंय की.”

“उद्या यंत्राचे मालक येणार आहेत. मी शब्द दिलाय, माझं पहिलं काम आहे हे...”

“मग चालव.”

मी मधे पडायला गेले. दादानं डाव्या हातानंच थांबवलं.

सूर्य पत्र्याआड गेला. जेवण राहिलं ते राहिलंच.

श्रेणिकनं बोट कळीवर ठेवलं... मग ते उचललं. आपला रिकामा तुकडा पुसला. पडद्यावर पुन्हा ‘नाव सापडत नाही’ ही तांबडी ओळ आली.

“नाही जुळत, दादा.” तो दादाकडं वळला. “मालकांना काय सांगू? कुणामुळं अडलं म्हणू?”

दादानं हात काढला, धोतराला पुसला.

“सांग, आमच्यात एक जण आहे. तो कधीच येत नाही, म्हणून बाया धडक्या बोटांनी घरी जातात.”